आमचे सहा फुटी विमान

विमानाच्या पोटात मी किती वेळा शिरलो याचा हिशेब ठेवला असता तर एक वही भरली असती. सहार विमानतळावर ३१ वर्षे लोडरची नोकरी केली. सूटकेसा, आंब्यांच्या पेट्या, कापडाचे गठ्ठे, कधी शवपेटी, कधी पिंजऱ्यातला कुत्रा, सगळे या खांद्यांनी वर चढवले आणि खाली उतरवले. गुडघ्यांवर सरपटत होल्डच्या टोकापर्यंत जायचे, पाठ छताला घासायची. पण त्या होल्डच्या वर, जिथे माणसे बसतात, तिथे प्रवासी म्हणून मी कधी बसलो नाही. त्याचे दुःख सांगायला हा लेख लिहीत नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांनी एक विमान बांधले, त्यात माझाही हात होता, आणि त्या विमानाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक घडली, ती सांगायची आहे. पोरे म्हणाली, "आबा, तुम्हीच लिहा." म्हणून बसलो.

आमची वस्ती अंधेरी पूर्वेला, साकीनाका-जरीमरीच्या बाजूला. धावपट्टीचे पूर्वेचे टोक तिथून जवळ. विमान उतरायला आले की पत्रे थरथरतात, बोलणारा माणूस वाक्य अर्धे तोडून थांबतो आणि विमान गेले की तिथूनच पुढे बोलतो. पाहुण्यांना याची गंमत वाटते, आम्हाला त्याचे काही नाही. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या तोंडी विमान हा शब्द एकाच रात्रीपुरता येई. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीहून बाबासाहेबांचे पार्थिव विमानाने सांताक्रूझला आणले, ती रात्र. वडील त्या गर्दीत उभे होते. त्यानंतर आकाशात विमान दिसले की ते मान खाली घालत. मला लोडरची नोकरी लागली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सामान नीट ठेव."

विमान बांधायची कल्पना निघाली २०२२ च्या जानेवारीत. त्या महिन्याच्या २७ तारखेला एअर इंडिया सरकारकडून पुन्हा टाटांकडे गेली. टी.व्ही.वर दिवसभर तेच चालले होते. आमच्या विहाराच्या मागे एक खोली आहे, तिथे संध्याकाळी अभ्यासिका चालते. मी निवृत्त झाल्यापासून दिवे-पंखे, किल्ली, पाण्याचा माठ एवढे बघतो. त्या दिवशी एका लहान मुलाने विचारले, "टाटांचं पहिलं विमान कुठं उतरलं होतं?" बी.एस्सी.ला असलेली आमची एक पोर म्हणाली, "इथंच, जुहूला." तिला हे माहीत असण्याचे कारण म्हणजे ती कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होती. तिथे मुलांना विमानांच्या प्रतिकृती करायला आणि उडवायलाही शिकवतात.

मग तिने फळ्यावर सगळे काढून दाखवले. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा तेव्हा २८ वर्षांचे. कराचीहून सकाळी टपालाची पोती घेऊन एकटे निघाले, अहमदाबादला उतरून पेट्रोल भरले (ते पेट्रोल बैलगाडीतून आणले होते असे सांगतात) आणि दुपारी जुहूला उतरले. जुहूहून दुसरे वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमान होते इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचे पस मॉथ, शेपटीकडे अक्षरे व्हीटी-एडीएन. एक पंखा, वरच्या बाजूला पंख, आत दोन-तीन माणसे बसतील एवढी बंद खोली. जुहूचे मैदान तेव्हा असे की पावसाळ्यात पाण्याखाली जाई, आणि मग टपालाचे विमान पुण्याला न्यावे लागे. पोरांना हे फार आवडले. पावसात पाणी भरते ही गोष्ट आमच्या ओळखीची.

"आपण हेच करू. उडणारं." हे वाक्य कुणी पहिल्यांदा म्हटले यावर आजही वाद आहे.

विरोधही झाला, आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. अंदाज काढला तर मोटर, बॅटरी, रिमोट, लाकूड मिळून २४ हजारांच्या पुढे जात होते. वस्तीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "एवढ्यात दोन पोरांची वर्षाची फी भरता येईल. आणि अभ्यासिकेच्या खोलीत खेळणी कशाला?" त्यावर डिप्लोमा झालेल्या एका मुलाने, तो तेव्हा एका कारखान्यात मशीन ड्रॉइंग करत होता, कांदिवलीचे उदाहरण दिले. चारकोपला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी खरेखुरे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवले होते आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. "गच्चीवर विमान होतं, तर आपलं सहा फुटाचं खोलीत होईल की." ज्येष्ठ म्हणाले, "त्यांचं ठीक आहे." शेवटी ठरले ते असे. अभ्यासिकेच्या निधीला हात लावायचा नाही, ज्याला पाहिजे त्याने दर रविवारी २० रुपये द्यायचे आणि खोली रात्री नऊनंतर वापरायची. १९ घरांनी पैसे दिले. त्या ज्येष्ठांनीही दिले, पण नाव वहीत लिहू दिले नाही.

आता बांधणीचे सांगतो, कारण खरी मजा तीच होती.

प्रमाण धरले एकास सहा. खऱ्या पस मॉथचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर २० सेंटिमीटर, आमचे १८७ सेंटिमीटर. खरी लांबी ७ मीटर ६२, आमची १२७ सेंटिमीटर. डिप्लोमावाल्या दादाने मुलांना विचारले, "लांबी सहापट कमी झाली, मग वजन किती पट कमी व्हायला पाहिजे?" सगळे म्हणाले सहापट. तो म्हणाला, नाही. लांबी सहापट कमी, तर पंखाचे क्षेत्रफळ ३६ पट कमी आणि वजन २१६ पट कमी. खरे विमान भरून सुमारे ९३० किलोचे, म्हणजे आमचे सव्वाचार किलोपर्यंत चालले असते. आम्ही तीन किलोच्या आत बसवायचे ठरवले, कारण हलके असेल तर हळू उडते आणि हळू उडाले तर शिकाऊ हाताला सावरता येते. सातवीतल्या मुलाने घरी जाऊन आईच्या पोळपाटावर हे गणित मांडले म्हणे.

नकाशा झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून घेतला, तुकड्या-तुकड्यांत, आणि चिकटपट्टीने जोडून जमिनीवर पसरला. पंखाच्या आतल्या आडव्या पट्ट्यांना पोरे 'बरगड्या' म्हणू लागली. त्या बाल्सा लाकडाच्या. हे लाकूड बाहेरदेशातून येते, मुख्यतः इक्वेडोरहून, आणि हातात घेतले तर आपण काही धरले आहे असे वाटत नाही. नखाने खाच पडते. महाग असल्याने आम्ही ते फक्त पंख आणि शेपटीला वापरले. धडासाठी पातळ प्लाय, आणि लांब दांड्यांसाठी पतंगवाल्याकडच्या बांबूच्या कामट्या. कामटी बोटांत वाकवून पाहायची, दोन्ही बाजूंना सारखी वाकली तर घ्यायची. ही परीक्षा आमच्या पतंगबाज पोरांना कुणी शिकवावी लागली नाही. कापायला ब्लेड, घासायला पॉलिश पेपर, दाबून ठेवायला अभ्यासिकेतले जाडजूड शब्दकोश. खरे विमान मात्र वेगळे होते. त्याचे धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडी, आणि वरून कापड.

कापडाचा प्रश्न एका वहिनीने सोडवला. त्या घरी ब्लाउज-ड्रेस शिवतात. दादा परदेशी चिकट फिल्मचा भाव सांगत होता, तो ऐकून त्या म्हणाल्या, "अस्तर का नाही लावत? पॉलिस्टरचं अस्तर इस्त्री जास्त झाली की आकसतं, माझा जीव जातो त्यापायी." दादा गप्प झाला. मग तेच केले. चौकटीला पातळ गोंद, वर अस्तर, आणि वहिनींची इस्त्री. सुरकुतलेले कापड बघता-बघता ढोलासारखे ताणले गेले. वहिनींनी बोटाने टिचकी मारली, टण्ण आवाज आला आणि खोलीत टाळ्या पडल्या. विमान बांधणाऱ्यांमध्ये ही पद्धत चालतेच, पण आम्हाला ती कपड्यांच्या शिलाईतून सापडली.

पंख दोन तुकड्यांत केले. एकसंध पंख त्या खोलीच्या दारातून निघाला असता, पण आमच्या गल्लीच्या वळणावर नक्की अडकला असता. एकाने सहा फुटी पट्टी घेऊन आधी फिरून पाहिले. खऱ्या पस मॉथचेही पंख मागे दुमडता येत, म्हणजे कमी जागेची अडचण त्यांनाही होती. आणखी एक गोष्ट पोरांना फार करायची होती. खऱ्या विमानात चाकांच्या दांड्यांवरचे आवरण आडवे फिरवून हवेला अडवता येई, उतरताना वेग कमी व्हावा म्हणून. पण ते आम्हाला जमले नाही, सोडून दिले. पंखाला खालून टेकू देणाऱ्या तिरक्या दांड्या मात्र नीट केल्या. सुरुवातीच्या काळात या जातीच्या काही विमानांचे पंख हवेत तुटून माणसे गेली होती, मग त्या दांडीला एक छोटी जोडदांडी देऊन दोष काढला, असे दादाने वाचले होते. ती जोडदांडी आमच्या विमानालाही आहे, काडेपेटीच्या काडीएवढी.

आत एक विजेची मोटर, चार सेलची बॅटरी, रेडिओचा रिसीव्हर आणि पाच सर्व्हो. सर्व्हो म्हणजे छोटी मोटर. रिमोटची दांडी जितकी हलवावी तितकाच तिचा हात फिरतो आणि तो पंखाची किंवा शेपटीची झडप ओढतो. रिमोट आजच्या पद्धतीचा, २.४ गिगाहर्ट्झचा. विमान कोण उडवणार हा प्रश्नच नव्हता, एन.सी.सी.वाली पोरच उडवणार. तिने रिमोट तारेने कॉम्प्युटरला जोडून तीन महिने रोज अर्धा तास सराव केला. खोट्या आकाशात तिने किती विमाने पाडली याची नोंद लहान मुलांनी भिंतीवर खडूने केली होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर बोरिवलीच्या आरोही पंडितचा फोटो आहे. हिने २०१९ साली छोट्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक पार केला, आणि २०२१ च्या १५ ऑक्टोबरला टाटांच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले.

रंगावरून आठ दिवस भांडण झाले, कारण आमच्याकडचे फोटो काळेपांढरे. ते सांगत बसत नाही. शेवटी चंदेरी दिला.

उडवायचे कुठे? आमच्या डोक्यावरून रोज शेकडो विमाने जातात, पण आमचे सहा फुटी विमान तिथे हातभर उचलायचीही सोय नाही, आणि ते बरोबरच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच मनाई लागू होते, परवानगीशिवाय काही उडवायचे नाही. शिवाय मुंबई पोलीसही रिमोटवरच्या विमानांवर वेळोवेळी बंदीहुकूम काढतात. कागदपत्रे आणि सरकारी नकाशा त्या पोरीने बघितला आणि माझ्या सासुरवाडीचा माळ हिरव्या भागात निघाला. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. मेहुण्याने पोलीस पाटलाच्या कानावर घातले.

ठरवले होते १५ ऑक्टोबर २०२२, म्हणजे त्या उड्डाणाला बरोबर ९० वर्षे. पण विमानही अर्धवट होते आणि त्या वर्षी पाऊसही ऑक्टोबरात रेंगाळला. मग सहा डिसेंबरची गर्दी, चैत्यभूमीवरची सेवा. ते झाल्यावरचा रविवार धरला, ११ डिसेंबर.

शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत काम चालले. शेपटीवर रंगाचा दुसरा हात दिला, अक्षरे काढली. त्याच आठवड्यात आणखी एक बदल झाला होता. शेपटीच्या झडपा ओढणाऱ्या लांब कामट्या मधेच वाकत होत्या, म्हणून दादाने ते दोन सर्व्हो पंखाखालून काढून थेट शेपटीजवळ बसवले. सगळे घरी गेले. किल्ली माझ्याकडे. दिवा घालवण्याआधी मला काय वाटले कोण जाणे, मी दोन्ही हातांची तर्जनी पंखांच्या खाली, जिथे पेनने तोल-खूण केली होती तिथे लावली आणि विमान उचलले. शेपटी खाली गेली. सावकाश नाही, पटकन.

वाचकांपैकी ज्यांनी विमानतळावर काम केले त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे, की पुढचे आधी भर, मागचे आधी उतरव. मागचा होल्ड भरलेला असताना पुढचा रिकामा केला तर उभे विमान शेपटीवर बसू शकते. म्हणून प्रत्येक उड्डाणाची ट्रिमशीट असते. कुठल्या होल्डमध्ये किती किलो ते तिच्यावर लिहिलेले असते आणि त्यावर सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. ३१ वर्षे मी त्या कागदाप्रमाणे सामान ठेवले. शेपटी जड म्हणजे काय, हे मला पुस्तकात बघावे लागत नाही.

आणि तरी मी दिवा घालवला, कुलूप लावले आणि घरी जाऊन झोपलो. मनात म्हटले, दादाने हिशेब केला आहे. तो शिकलेला आहे, ड्रॉइंग करतो. आपण हमाल माणूस, रात्री एक वाजता त्याला फोन करून काय सांगणार? सकाळी सांगू. सकाळी टेम्पो आला, पोरे नाचत होती, बायकांनी शंभर चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली होती, आणि मी सांगितले नाही.

माळावर दहाच्या सुमारास वारा मंद होता. पोरीने झडपा तपासल्या, मोटर फिरवली, मुलांना मागे हटवले. विमान गवतावरून धावले आणि वीस-पंचवीस पावलांतच, तिने दांडी ओढण्याआधी, आपणहून उठले. नाक वर, आणखी वर. तिने खाली दाबले तर एकदम खाली, सोडले तर पुन्हा वर, शिंगावर घेतलेल्या बैलासारखे. तिसऱ्यांदा नाक आकाशाकडे गेले, विमान क्षणभर थांबले, डावा पंख खाली टाकला आणि बांधाजवळ पडले. सगळे मिळून अर्धा मिनिटही झाले नसेल. आवाज अगदी लहान झाला, खोका चेपल्यासारखा.

दादाने धावत जाऊन आधी बॅटरी काढली आणि गवतापासून लांब दगडावर ठेवली, कारण चेपलेली अशी बॅटरी पेट घेऊ शकते. नाक चुरा झाले होते, डाव्या पंखाच्या चार बरगड्या तुटल्या होत्या. लहानांपैकी दोघे रडले.

टेम्पोत कुणीतरी म्हणाले, मोठ्याने नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, "पोरीच्या हातात द्यायलाच नको होतं." दुसरा म्हणाला, "कॉम्प्युटरवर उडवणं वेगळं." ती तुटलेला पंख मांडीवर घेऊन बसली होती. एक शब्द बोलली नाही. कल्याण आले, ठाणे आले. मी तिच्या समोर बसलो होतो. माझ्याकडे सांगण्यासारखे होते आणि तिथेही मी सांगितले नाही. आदल्या रात्रीचे एक वेळ समजून घेता येईल. टेम्पोतले मला अजून समजत नाही.

तिने अभ्यासिकेत येणे बंद केले. तिची आई विमानतळाजवळच्या एका हॉटेलात सफाईला जाते. ती मला नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "आबा, ती म्हणते मला येत नाही. तीन महिने खोटंच शिकले म्हणते." त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बोलावले, तिलाही. तिला आणायला स्वतः घरी गेलो. मोडके विमान टेबलावर ठेवले, नाकाचे तुकडे पिशवीत घालून जागच्या जागी बांधले, बॅटरीच्या जागी तेवढ्याच वजनाची साखरेची पुडी ठेवली, आणि पंखाखाली दोन बोटे लावली. शेपटी खाली गेली. म्हणालो, "शनिवारी रात्री पण अशीच गेली होती. मी बघितलं होतं. बोललो नाही." खोलीत कुणी काही बोलेना. मग दादा म्हणाला, "काका, मला का नाही सांगितलं?" मी म्हटले, "तू शिकलेला." तो थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला. म्हणाला, "मी सर्व्हो मागे नेल्यावर हिशेब परत केलाच नव्हता. उशीर झाला होता." ती पोर उठली, स्वतः बोटे लावून बघितली, एकदा, दोनदा. मग फक्त म्हणाली, "म्हणजे ते उठत होतं, मी नाही उठवत." आणि रडली. टेम्पोत बोललेल्यांपैकी एकाने तिथेच तिची माफी मागितली. दुसऱ्याने अजून मागितलेली नाही.

मग किराणावाल्याचा छोटा तराजू आणून मोजमाप झाले. दोन सर्व्हो आणि रंगाचा दुसरा हात मिळून शेपटीकडे १०० ग्रॅमच्या वर वाढले होते. तोलाच्या जागेपासून शेपटी ७५ सेंटिमीटर मागे, बॅटरी २५ सेंटिमीटर पुढे. म्हणजे शेपटीचा एक ग्रॅम फेडायला बॅटरीच्या जागी तीन ग्रॅम लागतात. सी-सॉवर लांब बसलेले बारके पोर जवळ बसलेल्या जाड्याला उचलते, तसे. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून नऊ सेंटिमीटरवर हवा होता, तो बाराच्या मागे सरकला होता. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटे.

दुरुस्तीला दोन महिने गेले. सर्व्हो परत पंखाखाली आणले आणि लांब कामट्या वाकू नयेत म्हणून मधे दोन ठिकाणी बॉलपेनच्या रिकाम्या नळीचे तुकडे आधाराला दिले. ही युक्ती सातवीतल्या मुलाची. शेपटीचे अस्तर काढून नवे लावले, रंगाचा एकच पातळ हात. नाकात ६० ग्रॅम शिसे बसवले, वेसाव्याच्या कोळीवाड्यातून आणलेले, जाळ्याला लावतात ते.

आणि माझ्या सांगण्यावरून एक ट्रिमशीट केली. वहीच्या पानावर बॅटरी किती ग्रॅम, शिसे किती, तोल कितीवर. खाली सह्या. दादाची, पोरीची, वहिनींची, माझी. लहानांनी हट्ट धरला म्हणून त्यांच्याही. नियम असा, की सही करण्याआधी प्रत्येकाने विमान बोटांवर उचलून बघायचे आणि काही वाटले तर बोलायचे. कितीही लहान असला तरी, कितीही उशीर झाला असला तरी.

२६ फेब्रुवारी २०२३ ला आम्ही पुन्हा त्याच माळावर गेलो. या वेळी माणसे कमी होती. चपात्याही पन्नासच. ते ज्येष्ठ मात्र आले होते, खुर्ची घेऊन. कागद हातोहात फिरला. शेवटची सही माझ्या नातवाची, तो तेव्हा तिसरीत होता. त्याने विमान उचलले, ठेवले, पुढे-मागे ढकलले आणि पेन्सिल हातातच धरून उभा राहिला.

"आबा, उजवं चाक हलतंय."

दादा म्हणाला, "अरे, तेवढं चालतं." मग स्वतःच थांबला, खाली बसला आणि चाक हाताने हलवून बघितले. आटा खरेच सैल झाला होता. पाना टेम्पोत राहिला होता, तो आणायला एकजण पळाला. दहा मिनिटे आम्ही उन्हात उभे. ज्येष्ठांनी खुर्चीतून विचारले, "काय झालं? का थांबलात?" नातू म्हणाला, "मी थांबवलं."

आटा आवळला. त्याने सही केली, नाव पूर्ण, आडनावासकट. पोरीने रिमोट गळ्यात अडकवला, सगळ्यांना मागे सरायला सांगितले आणि मोटर चालू केली. विमान धावले, शेपटी उचलली, आणि तिने उठवले तेव्हाच उठले. चार मिनिटे ते माळावर गोल फिरत होते. उन्हात अस्तरातून बरगड्या दिसत होत्या. वहिनी म्हणाल्या, "शिवण दिसतेय बघा माझी." उतरताना दोनदा उडी मारून ते बांधाच्या अलीकडे थांबले. कागद अजून माझ्या खिशात होता, त्यावर मी उतरण्याची वेळ लिहिली, १० वाजून ५२ मिनिटे.